पाची बोटे सारखी? अंगठ्याची जखम आणि तिचा संकेतांक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतला मदतनीस रबरी बुचात काचेची नळी बसवत होता. नळी ओली करायची, जाड कापडात धरायची, बुचाच्या अगदी जवळ पकडून फिरवत फिरवत आत सरकवायची, हे त्यालाही ठाऊक होते आणि आम्हांलाही. पण त्या दिवशी घाई होती. नळी कोरडीच दाबली गेली, मोडली आणि तिचे टोक त्याच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसले. जवळच्या दवाखान्यात जखम धुतली, तीन टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. हातात एक कागद मिळाला. त्यावर लिहिले होते, ‘हाताला काच लागली. टाके ३. इंजेक्शन दिले.’ आमच्या अपघात-नोंदवहीत तर आम्ही त्याहूनही कमी लिहिले: ‘किरकोळ अपघात’.

दोन महिने झाले तरी अंगठ्याची एक कड बधिरच होती. चिमटीत काही धरले की कळ यायची. मग तो मोठ्या रुग्णालयात गेला. तिथल्या शल्यविशारदांनी तीन साधे प्रश्न विचारले. पहिल्या दिवशी अंगठ्याला स्पर्श कळत होता का? क्ष-किरण चित्र काढले होते का? टाके घालण्यापूर्वी जखमेत काच राहिली नाही ना, हे कुणी पाहिले होते का? एकाचेही उत्तर कागदावर नव्हते. चित्र काढले तेव्हा काचेचा तुकडा स्पष्ट दिसला. तो काढला, कळ थांबली. बधिरपणा मात्र पुरता गेला नाही. पुढे रजेच्या आणि भरपाईच्या अर्जावर कारकुनाने शेरा मारला, ‘कोणता हात? कागदावर नाही.’ हा मदतनीस डावखुरा आहे. त्याच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती.

या प्रसंगानंतर आम्ही एका वेगळ्याच ग्रंथाकडे वळलो. जगभरातल्या आजारांना आणि इजांना संकेतांक देणारे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण, म्हणजे आयसीडी. आपल्या मदतनिसाच्या अंगठ्याला या ग्रंथात कोणती जागा आहे, हे आम्हांला पाहायचे होते. ग्रंथ वाचताना कौतुक वाटले, आश्चर्य वाटले आणि काही ठिकाणी रागही आला. शिक्षकांपुढे हे परीक्षण ठेवण्याचे कारण असे की वर्गीकरण हा विज्ञानशिक्षणाचा पाया आहे. वनस्पती, प्राणी, मूलद्रव्ये यांची वर्गीकरणे आपण मुलांना शिकवतो. पण एखादे वर्गीकरण चांगले की वाईट हे कसे ठरवायचे, ते क्वचितच शिकवतो.

एका सुंदर तक्त्याची कल्पना

या ग्रंथाचा इतिहास मोठा आहे. १८९३ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात झाक बर्तियाँ या फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. वेगवेगळ्या देशांतल्या मृत्यूंची तुलना करता यावी, हा तिचा हेतू. ठरावीक काळाने तिच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले, आणि मृत्यूंबरोबर जिवावर न बेतणाऱ्या आजारांचा व इजांचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली आणि १९९४ पासून सदस्य देश ती वापरू लागले. आपल्या देशात मृत्यूच्या वैद्यकीय कारणांची आकडेवारी याच दहाव्या आवृत्तीच्या आधारे मांडली गेली आहे.

दहाव्या आवृत्तीतले इजांचे प्रकरण एखाद्या चांगल्या तक्त्यासारखे आहे. संकेतांकाची सुरुवात ‘एस’ या अक्षराने होते. त्यापुढचा पहिला अंक शरीराचा भाग सांगतो: ० म्हणजे डोके, १ मान, २ छाती, ३ पोट व कंबर, ४ खांदा व दंड, ५ कोपर व पुढचा हात, ६ मनगट व पंजा, ७ नितंब व मांडी, ८ गुडघा व पोटरी, ९ घोटा व पाऊल. दुसरा अंक इजेचा प्रकार सांगतो: ० वरवरची इजा, १ उघडी जखम, २ हाड मोडणे, ३ सांधा निखळणे, ४ मज्जातंतूची इजा, ५ रक्तवाहिनीची, ६ स्नायू व कंडरा यांची, ७ चिरडणे, ८ अवयव तुटणे, ९ इतर. एस ६१ म्हणजे पंज्याची उघडी जखम, हे एकदा कळले की एस ८१ म्हणजे पायाची उघडी जखम आणि एस ६२ म्हणजे पंज्याचे हाड मोडणे, हे न सांगता कळते. डोके व धड यांच्या बाबतीत दुसऱ्या अंकाचा अर्थ काही ठिकाणी बदलतो. हातापायांसाठी मात्र हा नियम चांगला टिकतो. चांगल्या वर्गीकरणाचे हे पहिले लक्षण. आवर्तसारणीत मूलद्रव्याच्या जागेवरून त्याचे गुणधर्म ओळखता येतात, तसे इथे अंकाच्या जागेवरून अर्थ लागतो.

‘उघडी जखम’ म्हणजे काय तेही या ग्रंथात सांगितले आहे. कापणे, फाटणे, टोचणे, प्राण्याचा चावा, हे सगळे त्यात येते. जखम कशाने झाली ते सांगण्यासाठी दुसरा, बाह्य कारणाचा संकेतांक जोडायचा. धारदार काचेसाठी डब्ल्यू २५, कुत्र्याच्या चाव्यासाठी डब्ल्यू ५४. त्यापुढे जागेचा अंक: घर ०, शाळा किंवा सार्वजनिक संस्था २, शेत ७. म्हणजे शाळेत काच लागली तर डब्ल्यू २५.२. एखाद्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांनी वर्षभर अशी नोंद ठेवली, तर शाळेत काचेने किती मुलांचे हात कापले, हे एका नजरेत दिसेल. कल्पनेचे सामर्थ्य इथे आहे, आणि ते आम्ही मनापासून मान्य करतो.

अंगठा कुठे हरवला?

आता एस ६१ उघडून पाहू. त्यात जागतिक आरोग्य संघटनेने पोटविभाग केले आहेत. एस ६१.० म्हणजे नखाला इजा नसलेली बोटाची उघडी जखम, एस ६१.१ म्हणजे नखाला इजा असलेली. पुढे ६१.७ अनेक जखमांसाठी, ६१.८ इतर भागांसाठी आणि ६१.९ ‘भाग सांगितलेला नाही’ यासाठी. अंगठा कुठेच नाही. सूचीत ‘अंगठा’ शोधला तर ती आपल्याला बोटांच्याच घरात, एस ६१.० मध्ये, नेऊन सोडते.

‘पाची बोटं सारखी नसतात’ असे आपण सहज म्हणतो. या ग्रंथाने उघड्या जखमेपुरती ती सारखी केली आहेत. पण गंमत पाहा. त्याच ग्रंथात, त्याच पंज्याच्या गटात, अंगठ्याच्या हाडासाठी स्वतंत्र संकेतांक आहे (एस ६२.५). अंगठ्याच्या मज्जातंतूसाठी आहे (एस ६४.३), रक्तवाहिनीसाठी आहे (एस ६५.४), अंगठा वाकवणाऱ्या लांब स्नायूसाठी व त्याच्या कंडरेसाठी आहे (एस ६६.०), आणि अंगठा तुटला तर त्यासाठीही आहे (एस ६८.०). म्हणजे ग्रंथकर्त्यांना अंगठ्याचे वेगळेपण माहीत होते. हाड मोडले, मज्जातंतू तुटला की अंगठा हा अंगठा असतो. नुसते कापले की तो बोटांपैकी एक होतो. या भेदामागचे तत्त्व आम्हांला सापडले नाही.

यावर कोणी म्हणेल, उघडी जखम भरून येते, मग इतका तपशील हवा कशाला? उत्तर शरीररचनेत आहे. अंगठ्याला तीनऐवजी दोनच पेरे असतात. त्याच्या बुडाचा सांधा खोगिराच्या आकाराचा असतो, त्यामुळे तो इतर चारही बोटांसमोर येऊ शकतो. खडू धरणे, सुईत दोरा ओवणे, कुलपात किल्ली फिरवणे, भाकरीचा तुकडा मोडणे, यांतले काहीही त्याच्यावाचून नीट होत नाही. अंगठ्याच्या दोन्ही कडांनी स्पर्शाचे मज्जातंतू जातात आणि ते त्वचेपासून फार खोल नसतात. वरून लहान दिसणाऱ्या कापल्या जागेखाली तुटलेला मज्जातंतू किंवा अर्धी कापलेली कंडरा असू शकते. म्हणूनच अंगठ्याची ‘साधी’ जखम साधी आहे की नाही, हे तपासल्याशिवाय ठरत नाही.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अवयव गमावल्यास कमावण्याची क्षमता किती टक्के घटली असे धरायचे, याची यादी होती. तीत पूर्ण अंगठ्यासाठी ३० टक्के, पूर्ण तर्जनीसाठी १४, मध्यमेसाठी १२ आणि अनामिका किंवा करंगळीसाठी ७ टक्के असे आकडे होते. नुसते अंगठ्याचे वरचे पेर गेले तरी २० टक्के. म्हणजे अंगठ्याचे एक पेर अख्ख्या तर्जनीपेक्षा मोलाचे! ज्या हातांनी गिरण्यांत, कारखान्यांत काम केले, त्यांच्या हिशेबातून आलेले हे शहाणपण आहे. आरोग्याच्या आकडेवारीत मात्र अंगठ्याची जखम करंगळीच्या जखमेत मिसळून गेली.

अमेरिकेचे उत्तर: एकशे आठ संकेतांक

जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथावर काही देशांनी आपापले संस्करण केले. त्यांतले सर्वांत विस्तृत संस्करण अमेरिकेचे. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून ते सक्तीने वापरात आले. त्याआधी तेथे नवव्या आवृत्तीचे संस्करण चालत असे आणि त्यातही अंगठा बोटांच्या एकाच संकेतांकात, ८८३ मध्ये, कोंबलेला होता. नव्या संस्करणाने ही चूक दुरुस्त केली, पण दुसऱ्या टोकाला जाऊन.

तिथे एस ६१.० म्हणजे नखाला इजा नसलेली अंगठ्याची उघडी जखम, आणि एस ६१.१ म्हणजे नखाला इजा असलेली. पुढचा अंक जखमेचा प्रकार सांगतो आणि त्यात सहा पर्याय आहेत: प्रकार न सांगितलेली; चिरलेली, आत बाह्य वस्तू नसलेली; चिरलेली, बाह्य वस्तू असलेली; टोचलेली, वस्तू नसलेली; टोचलेली, वस्तू असलेली; आणि चावा. त्यापुढचा अंक बाजू सांगतो: १ उजवा, २ डावा, ९ न सांगितलेला. शेवटी एक अक्षर. ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार चालू, ‘डी’ म्हणजे जखम भरत असतानाची नेहमीची देखरेख, ‘एस’ म्हणजे जखमेचा मागे राहिलेला परिणाम. उजव्या अंगठ्याला चीर पडली, आत काही अडकले नाही, नख शाबूत आहे आणि उपचार चालू आहेत, तर संकेतांक एस ६१.०११ ए.

हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. नखाचे २, प्रकाराचे ६, बाजूचे ३ आणि शेवटच्या अक्षराचे ३ पर्याय, गुणाकार १०८. अंगठ्याच्या उघड्या जखमेसाठी जपमाळेच्या मण्यांइतके संकेतांक! उरलेल्या बोटांची मोजणी याहून मोठी आहे. अशाच विस्तारामुळे जुन्या संस्करणातले सुमारे १४,००० संकेतांक नव्यात ६८,००० च्या पुढे गेले.

या १०८ मण्यांपैकी ३६ मणी ‘कोणता अंगठा ते सांगितलेले नाही’ असे म्हणतात. माणसाला अंगठे दोनच आणि ते डॉक्टरांच्या समोर असतात. तरी तिसऱ्या अंगठ्याची सोय केलेली आहे. प्रकार न सांगितलेले संकेतांकही धरले, तर १०८ पैकी ४८ मध्ये कुठे ना कुठे ‘सांगितलेले नाही’ हा शब्द येतो. यावर हसणे सोपे आहे आणि अनेकांनी ते केलेही आहे. आम्ही मात्र या ४८ मण्यांचा बचाव करू. ‘माहीत नाही’ म्हणण्याची सोय नसलेले वर्गीकरण माणसाला खोटे बोलायला लावते. उजवा की डावा ते कागदावर नसेल आणि ‘९’ हा पर्यायही नसेल, तर काम उरकायला बसलेला माणूस सवयीने ‘१’ लिहून मोकळा होईल. दोष ‘९’ असण्यात नाही. तो वापरायची वेळ येते त्यात आहे.

खरा आक्षेप नावांवर घ्यायला हवा. ‘ए’ या अक्षराचे अधिकृत नाव ‘प्रारंभिक भेट’ असे आहे. कोणीही त्याचा अर्थ ‘रुग्ण पहिल्यांदा आला ती वेळ’ असाच घेईल. प्रत्यक्षात नियम वेगळा आहे. रुग्ण चौथ्यांदा आला, वेगळ्या डॉक्टरांकडे गेला, तरी सक्रिय उपचार चालू असतील तर ‘ए’च द्यायचा. ज्या शब्दाचा अर्थ समजण्यासाठी तळटीप वाचावी लागते, तो शब्द वर्गीकरणात घालू नये.

एकच संकेतांक, दोन अर्थ

यापेक्षा गंभीर गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात एस ६१.० म्हणजे कोणतेही बोट. अमेरिकी संस्करणात एस ६१.० म्हणजे फक्त अंगठा. इतर बोटे ६१.२ आणि ६१.३ मध्ये. एकच अक्षर, तेच तीन अंक, पण अर्थ दोन.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने दोन देशांतल्या हाताच्या जखमांची तुलना करायला घेतली आणि दोन्हीकडचे एस ६१.० चे आकडे शेजारी ठेवले. एकीकडे पाचही बोटे, दुसरीकडे एकटा अंगठा. निष्कर्ष चुकेल आणि चूक कोठे झाली ते आकड्यांकडे पाहून कळणारही नाही. खरी तुलना हवी तर अमेरिकी ६१.० आणि ६१.२ यांची बेरीज करून ती संघटनेच्या ६१.० शी ताडून पाहावी लागेल, ६१.१ आणि ६१.३ चे तसेच. १८९३ मध्ये ज्या हेतूने ही यादी जन्माला आली, तो देशादेशांतल्या तुलनेचा हेतूच इथे मार खातो. मूळ अंकांना नवा अर्थ देण्याऐवजी नव्या गोष्टीसाठी नवे अंक घेतले असते, तर हे टळले असते.

संख्येची अचूकता आणि नोंदीची अचूकता

अमेरिकेत हा विस्तार का झाला? तिथे संकेतांकाचा उपयोग आकडेवारीपुरता नाही. विमा कंपनीकडून बिल वसूल करण्यासाठीही तो लागतो. डॉक्टरांची नोंद वाचून संकेतांक देणे हा तिथे स्वतंत्र व्यवसाय आहे. पुण्या-मुंबईसह आपल्या अनेक शहरांतले विज्ञान पदवीधर अमेरिकी रुग्णांच्या नोंदींवर हे काम करतात. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या वाट्याला उद्या हे काम येईल. म्हणून त्याचा मुख्य नियम सांगतो. नोंदीत लिहिले नसेल ते गृहीत धरायचे नाही. ‘काच लागली’ असे लिहिले म्हणून ‘काच आत राहिली’ असे धरता येत नाही. उजवा-डावा हा तपशील डॉक्टरांनी लिहिला नसेल तर परिचारिकेच्या नोंदीवरून घेण्याची मुभा आहे. पण तोही कोणीतरी लिहिलेला हवा.

आमच्या मदतनिसाचा पहिला कागद अशा माणसापुढे ठेवला तर काय होईल? ‘हाताला काच लागली, टाके ३.’ बोट सांगितलेले नाही, बाजू सांगितलेली नाही. संघटनेच्या ग्रंथानुसार संकेतांक एस ६१.९, भाग न सांगितलेली पंज्याची जखम. अमेरिकी पद्धतीने एस ६१.४०९ ए: प्रकार न सांगितलेली, न सांगितलेल्या पंज्याची उघडी जखम. खरी स्थिती होती डाव्या अंगठ्यात काच राहिलेली जखम, एस ६१.०२२ ए, आणि सोबत अंगठ्याच्या मज्जातंतूची इजा. सात जागांचा संकेतांक दोन्हींना मिळतो. लांबी तीच, दिसायला दोन्ही सारखेच शास्त्रीय. पण एकात माहिती आहे आणि दुसऱ्यात तिची जागा फक्त भरलेली आहे.

भौतिकशास्त्राचे शिक्षक हे लगेच ओळखतील. मिलिमीटरच्या पट्टीने पेन्सिल मोजून उत्तर १४.३७२ सेंटिमीटर लिहिणाऱ्या मुलाला आपण काय म्हणतो? उपकरणाच्या लघुत्तम मापापेक्षा उत्तर अचूक असू शकत नाही. वैद्यकीय संकेतांकाच्या बाबतीत उपकरण म्हणजे डॉक्टरांची, परिचारिकेची, किंवा शाळेच्या नोंदवहीत लिहिणाऱ्या शिक्षकाची नोंद. ती तीन शब्दांची असेल तर पुढच्या सात जागांनी तिच्यात काहीही भर पडत नाही. या सगळ्या यंत्रणेवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे: संकेतांक वाढवण्यावर जेवढी बुद्धी खर्च झाली, तेवढी नोंद चांगली करण्यावर झाली नाही.

संकेतांक काय विचारत नाही

दुसरा आक्षेप प्रश्नांच्या निवडीवर आहे. १०८ संकेतांक असलेली पद्धत उजवा की डावा हे विचारते. पण कामाचा हात कोणता, हे विचारत नाही. ही गोष्ट ग्रंथाला सुचलीच नाही असे नाही. त्याच अमेरिकी संस्करणात अर्धांगवायूच्या संकेतांकात उजवी-डावी बाजू विचारताना ती माणसाची मुख्य बाजू आहे का, हेही विचारतात. अंगठ्याच्या वाट्याला तो प्रश्न आला नाही. आमच्या डावखुऱ्या मदतनिसाच्या बाबतीत ‘डावा’ या शब्दाचा खरा अर्थ ‘कामाचा’ असा होता.

जखमेची लांबी आणि खोली हे संकेतांक विचारत नाही. गंमत अशी की लांबी दुसरीकडे विचारली जाते. टाके घालण्याच्या कामाचे बिल करण्यासाठी अमेरिकी वैद्यक संघटनेची वेगळी संकेतावली आहे. तिच्यात २.५ सेंटिमीटरपर्यंतची जखम एका गटात, त्याहून मोठी दुसऱ्यात. एकाच प्रकारच्या अनेक जखमा असल्या तर लांब्यांची बेरीज करायची. म्हणजे पैसे ठरवताना पट्टी लागते, आजार सांगताना लागत नाही. तसेच स्पर्श कळतो का, अंगठ्याचे टोक वाकते का, बरे झाल्यावर माणूस पुन्हा चिमटीत वस्तू धरू शकतो का, हे इजेचा संकेतांक सांगत नाही. माणसाच्या कार्यक्षमतेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये वेगळे वर्गीकरण संमत केले, पण रोजच्या दवाखान्यातल्या जखमेच्या कागदापर्यंत ते क्वचितच पोचते.

१ जानेवारी २०२२ पासून आयसीडीची अकरावी आवृत्ती लागू झाली आहे. तीत मूळ संकेतांकाला बाजूसारखे तपशील जोडसंकेतांकाने जोडता येतात. लाकडी ठोकळ्यांनी घर बांधावे तसे. प्रत्येक शक्यतेसाठी आधीच वेगळा मणी घडवून ठेवण्यापेक्षा ही रीत निश्चितच शहाणपणाची आहे. पण जोडायला ठोकळा हातात हवा. कागदावर ‘डावा’ नसेल, तर अकरावी आवृत्तीही तो कोठून आणणार?

शाळेत काय करता येईल

शाळेच्या प्रयोगशाळेत, कार्यानुभवाच्या तासाला, मैदानावर अंगठे कापतातच. आपण डॉक्टर नाही, जखमेचे निदान आपले काम नाही. पण पहिली नोंद बहुधा आपलीच असते, आणि दवाखान्यात मुलाबरोबर जाणारा कागदही आपलाच. ‘किरकोळ अपघात’ याऐवजी नोंदवहीत आठ रकाने आखावेत. दिनांक व वेळ. कोणता हात, कोणते बोट, पुढची बाजू की मागची. मूल कोणत्या हाताने लिहिते. कशाने लागले: काच, पत्रा, पाते, चावा. वस्तू मोडली असल्यास तिचे सगळे तुकडे सापडले का. नखाला लागले का. बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का, बोट वाकते का. आणि शेवटी, धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली.

यातल्या प्रत्येक रकान्यामागे कारण आहे. तुकडे मोजले की काच आत राहिल्याची शंका वेळीच येते. काच क्ष-किरण चित्रात बहुधा दिसते, लाकडाची कूस बहुधा दिसत नाही. म्हणून वस्तू कोणती हे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे. स्पर्श आणि हालचाल यांची तपासणी टाके घालण्यापूर्वी, भूल देण्यापूर्वी झाली तरच तिला अर्थ. चावा असेल तर रेबीजच्या लशीचा प्रश्न तातडीचा होतो. हे आठ रकाने भरायला पाच मिनिटे लागतात. अर्थात रक्त थांबवून झाल्यावर!

नववी-दहावीच्या वर्गात एक प्रयोग करून पाहावा. जखमांची दहा काल्पनिक वर्णने लिहावीत. काही पूर्ण, काही मुद्दाम अपुरी. वर सांगितलेले तक्ते फळ्यावर लिहावेत आणि मुलांच्या दोन गटांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक वर्णनाला संकेतांक द्यावा. मग किती ठिकाणी उत्तरे जुळली ते मोजावे. पूर्ण वर्णनांत जुळतील. अपुऱ्या वर्णनांत काही मुले ‘९’ लिहितील, काही अंदाजाने भरतील. तिथे थांबून चर्चा करावी: अंदाज करणारा चुकला, की लिहिणारा? वर्गीकरण, निरीक्षण आणि प्रामाणिकपणा हे तीनही धडे एका तासात होतात.

आमच्या प्रयोगशाळेत आता ती आठ रकान्यांची वही आहे. तिचे रकाने आमच्या मदतनिसानेच आखले, डाव्या हाताने. रेघा थोड्या वाकड्या आल्या आहेत. बधिर अंगठ्याने पेन्सिल नीट दाबून धरता येत नाही, असे तो म्हणतो. त्या वाकड्या रेघांसाठी कोणत्याही आवृत्तीत संकेतांक नाही. पहिल्या दिवशीच्या कागदावर ‘डावा अंगठा, कडेला स्पर्श नाही’ एवढे पाच शब्द असते, तर कदाचित त्यांची गरजही पडली नसती.